पुसायचं नाही, खोडायचं

सदा, परवा तुझं तेरावं झालं. पेणला तुझ्या अंगणात मांडव घातला होता आणि मी जेवायला बसलो होतो तिथून कारखान्याचं दार समोर दिसत होतं. आत फळ्यांवर ओळीने गणपती, सगळे अजून पांढरे, बिनडोळ्यांचे. कोणीतरी म्हणालं, भात घ्या अजून. मी घेतला. लाज वाटायला हवी होती, पण भूक लागली होती. तू असतास तर म्हणाला असतास, रोहेकरांना भूक आधी लागते, लाज मागाहून येते.

जेवणाआधी मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, बोटीवर आम्ही बरोबर होतो, माणूस सरळ, हात सुंदर, असं काहीबाही बोललो आणि बसलो. अकरा वर्षं तू मला एकच प्रश्न विचारत होतास. "दत्ता, मी ती खूण केली होती ना रे?" त्याचं उत्तर मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुला द्यायचं ते तुला कधीच दिलं नाही. आता आपण जिथे बोटीचं शिकलो त्या संस्थेच्या अंकासाठी तुझ्यावर लिही म्हणून फोन आला, म्हणून बसलोय. हे ते छापतील असं वाटत नाही. पण मला एकदा तरी पहिल्यापासून सलग सांगू दे, कारण इतकी वर्षं मी ते स्वतःशीसुद्धा सलग बोललेलो नाही.

तुमच्या घरात आखणीचा हात होता. पेणमध्ये गणपती पुष्कळ जण करतात, डोळे मोजक्यांनाच जमतात. बाकीची मूर्ती दहा जण मिळून करतात, डोळ्यांची आखणी एकटा माणूस करतो, आणि तो बसला की कारखान्यात कोणी मोठ्याने बोलत नाही. तुझे वडील करायचे, मग अण्णा, तुझा थोरला भाऊ, आणि शाळेत असल्यापासून तू. असा हात सोडून तू बोटीवर का निघालास हे अण्णांना आजतागायत कळलेलं नाही. आपली ओळख गाडीतली. मी रोह्याला बसायचो, तू पेणला चढायचास, दोघांच्या काखेत त्याच संस्थेची तीच निळी फाईल. पहिल्याच दिवशी तू विचारलंस, रोह्यात समुद्र कुठाय? मी म्हटलं, पेणला तरी कुठाय? माझ्याकडे कुंडलिका नदी होती, तुझ्याकडे खाडी, आणि एवढ्या भांडवलावर आपण दोघं जगभर जायला निघालो होतो.

चार्ट म्हणजे समुद्राचा नकाशा, आणि त्याची दुरुस्ती हे सेकंड मेटचं, म्हणजे कॅप्टनच्या खालच्या दुसऱ्या अधिकाऱ्याचं, काम. कागदाच्या दिवसांत दर आठवड्याला पुस्तिका यायची: अमुक दिवा बंद झाला, तमुक ठिकाणी पाण्यावर तरंगणारा नवा बोया टाकला, इथलं पाणी उथळ झालं. ते सगळं हाताने, जांभळट शाईने, चार्टवर चढवायचं आणि खाली डाव्या कोपऱ्यात दुरुस्तीचा नंबर लिहायचा. आम्हाला ती शिक्षा वाटायची. माझ्या चार्टवर कोंबड्या नाचून गेल्यासारखं दिसायचं. तू मात्र तासन् तास मान खाली घालून बसायचास, श्वास धरून, अगदी कारखान्यात बसल्यासारखा. तुझे आकडे छापल्यासारखे यायचे. एकदा कॅप्टनने भिंग मागवून बघितले आणि मग सगळ्या ब्रिजवर, बोट जिथून चालवतात तिथे, दाखवत फिरला.

या कामात एक नियम होता. जुना आकडा चुकीचा ठरला तरी खरवडायचा नाही. त्यावर एक बारीक रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. तुझ्या वडिलांनीही तुला तेच शिकवलं होतं म्हणे. ओली रेघ पुसायला गेलास तर अख्खा चेहरा फिसकटेल, चुकली तर चुकू दे, वाळू दे, मग बघू. तू दोन्हीचं एक करून टाकलंस आणि ज्याला त्याला ऐकवायला लागलास, पुसायचं नाय, खोडायचं, मागून येणाऱ्याला कळायला पाहिजे आधी काय होतं. मला तर ते इतकं पाठ झालं होतं की तू तोंड उघडलंस की मीच म्हणायचो.

मग पडदे आले, कॉम्प्युटरवरचे चार्ट. पहिली काही वर्षं ब्रिजच्या कोपऱ्यात नुसतेच उभे. एक म्हातारा कॅप्टन त्यावर स्वतःचा टॉवेल वाळत घालायचा. मग कागद आणि पडदा दोन्ही ठेवा म्हणाले. मग एका पडद्याला आधार म्हणून दुसरा पडदा आला आणि कागद उतरवा असा हुकूम निघाला. पुढच्या बंदरात आपण चार्टचे गठ्ठे खाली दिले तेव्हा तू कचऱ्याच्या पेटीतून एक ओढून काढलास, मुंबई बंदराचा, कारण त्याच्या कडेला तुझी धरमतरची खाडी होती. तो अजून तुझ्या कारखान्याच्या भिंतीवर आहे. परवा बघितला. रंगाचे शिंतोडे उडालेत, पण तुझे आकडे वाचता येतात.

लोक म्हणतील तू पडद्याचा वैरी होतास. काहीतरीच. आपलं जहाज त्या नकाशावर सरकताना बघायला तुला किती आवडायचं. तू म्हणायचास, आधी आपण कुठे होतो ते कळायचं, आता कुठे आहोत ते कळतं. दुरुस्त्या आपोआप चढायला लागल्या तेव्हा मला वाटलं तू रुसशील. तू तर खूश झालास, म्हणालास, मान मोडायची वाचली. तुझं भांडण एकाच गोष्टीशी होतं. आपण हाताने घातलेली खूण पुसली की तिचा मागमूस राहायचा नाही आपल्या त्या यंत्रात. खाली काही वाचता येत नाही, म्हणायचास. मी म्हणायचो, सदा, वाचायचंय कोणाला? पुढे बघ की जरा.

ज्या सफरीत हे घडलं तिच्यात मी चीफ मेट होतो, तुझ्याहून एक पायरी वर, तू सेकंड. बारा ते चार तुझा पहारा, चार ते आठ माझा, दिवसाही आणि रात्रीही. पूर्वेकडच्या अरुंद, उथळ पाण्यातून जायचं होतं. रेडिओवर एक इशारा आला होता: अमुक जागी एक बार्ज, सपाट मालवाहू तराफा, बुडालंय, वरून दिसत नाही. अधिकृत दुरुस्ती यायला वेळ होता, म्हणून तू पडद्यावर स्वतः खूण केलीस. लाल गोल, आणि बाजूला तीन शब्द. दुपारी चार वाजता माझ्या हाती पहारा देताना तू त्या गोलावर बोट ठेवून म्हणालास, "दत्ता, ह्ये तेवढं ध्यानात ठेव." मी म्हटलं, बघितलं. आपण त्याच्या बरेच लांबून जाणार होतो.

पण तुझ्या खुणा काय एक होती? मासेमारीची जाळी, संशयित उथळे, ओढ्याएवढा प्रवाह बदलला तरी तुझी खूण. एकेका खुणेजवळ गेलं की यंत्र केकाटायचं. मी तुला चिडवायचो, गणपतीला एवढे दागिने घालतोस, सोंड तरी दिसू दे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या पहाऱ्यावर ते वीस मिनिटांत आठ वेळा केकाटलं. समोर होड्याच होड्या होत्या, कॅप्टन फोनवर ओरडत होता, आणि माझं डोकं फिरलं. यंत्राने विचारलं, सगळ्या पुसू? मी हो म्हटलं. एकदम शांत झालं सगळं. खरं सांगू, बरं वाटलं. तुला सांगायचं असं ठरवलं होतं, सकाळी परत घालून घे म्हणून. सकाळी विसरलो. रात्रीच्या तुझ्या पहाऱ्याला मोकळं पाणी होतं, तिथे तुझी खूणच नव्हती, म्हणून तुलाही कळलं नाही.

त्याच सकाळी कॅप्टनने वेळ वाचवायला रस्ता बदलला आणि नवा रस्ता त्या बार्जजवळून जात होता. दुपारी पहारा तुझा. तू पडद्याकडे बघत होतास, खूण दिसेना, तुला वाटलं ती अजून पुढे असेल. माणसांना वाटतं तू मशीनवर विसंबलास. तू स्वतःच्या हातावर विसंबला होतास, सदा. तो हात कधी चुकत नाही हे तुला ठाऊक होतं. तीन वाजता तळ फाटला.

कोणी मेलं नाही, एवढंच. बोट गोदीत गेली आणि आपल्याला कंपनीच्या ऑफिसात बोलावलं. टेबलामागे तीन माणसं, चहा, बिस्किटं. रेडिओच्या इशाऱ्याच्या कागदावर सही तुझी होती, म्हणजे तुला कळलं होतं. पडद्यावर खूण नव्हती, म्हणजे तू केली नव्हतीस. ब्रिजच्या रेकॉर्डरमध्ये मागच्या बारा तासांचंच होतं, मी पुसलं त्याला वीस तास होऊन गेले होते. तू सांगत होतास, केली होती, मी केली होती. मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही पाहिली का? माझे कॅप्टनकीचे कागद त्याच महिन्यात वर गेले होते. मी इंग्रजीत म्हणालो, मला नक्की आठवत नाही.

तू माझ्याकडे वळून बघितलंसही नाहीस. मला खरंच आठवत नसेल असंच तुला वाटलं. पुढे कित्येक दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो की ते इंग्रजी होतं म्हणून बोललं गेलं, मराठीत मला ते जमलं नसतं.

लायसन्स गेलं ते काही काळापुरतं, पण नोकरी कायमची गेली. तू पेणला आलास, कारखान्यात बसलास, आणि आम्ही सगळे म्हणालो, बरं झालं, हात आहे सदाकडे. मी कॅप्टन झालो. सुट्टीवर आलो की तुला भेटायला यायचो, दर वेळी काहीतरी घेऊन. तू बायकोला सांगायचास, वैशाली, बघ, दत्ता विसरत नाय. मला तेव्हा जमिनीने पोटात घ्यावं असं वाटायचं, आणि मी चहा घ्यायचो.

पहिली दोन वर्षं ठीक गेली. मग एकदा मी आलो तेव्हा तू आखणीला बसला होतास. डावा डोळा काढलास, ब्रश उचललास, आणि शेजारी रंग कालवणाऱ्या बाईला विचारलंस, "डावा काढला ना गो मी?" ती हसली, म्हणाली, काढलात की, समोरच तर हाय. मीही हसलो. पुढच्या मूर्तीला तू पुन्हा विचारलंस. त्याच्या पुढच्याही. त्या बाईचं हसू गेलं. तू डोळ्यासमोरचा डोळा बघत होतास आणि आपणच काढलाय हे तुला खात्रीने सांगता येत नव्हतं. मी घरी येईपर्यंत गाडीत नुसता खिडकीबाहेर बघत होतो, आणि तरी दुसऱ्या दिवशी तुला फोन केला नाही.

त्यानंतरच्या हंगामात अण्णांनी तुला पाट आणि उंदीर रंगवायला दिले. तू मला सांगितलंस ते हसत हसत, सेकंड मेटचा उंदीरमेट झालो म्हणून. आणि मग निघताना, चप्पल घालता घालता, तोच प्रश्न. प्रत्येक वेळी मी काहीतरी वळवून बोलायचो. यंत्रात दोष असेल, जुनं मॉडेल होतं, कंपनीला बकरा हवा होता. हो एवढंच सोडून सगळं.

मी समुद्र सोडला आणि आता पनवेलजवळ एका संस्थेत हेच शिकवतो, पडद्यावरचे चार्ट. हस की. पोरं हुशार आहेत, बोटं माझ्यापेक्षा भराभर चालतात. मागे तुला सांगत होतो ना, नव्या जातीचे चार्ट येतायत, भरती-ओहोटीबरोबर पडद्यावरची खोली आपोआप बदलणार, रस्ता यंत्रच सुचवणार, आणि पुढे तर किनाऱ्यावरच्या खोलीत बसून बोटी चालवणार, बोटीवर कोणी नाही. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, त्यात खोडलेलं दिसतं का? मी वैतागलो. सगळ्याची नोंद राहते म्हटलं, आता काही लपत नाही. तू म्हणालास, नोंद राहणं येगळं, दिसणं येगळं. तो वाद तिथेच राहिला. तुझंच बरोबर होतं असं मला आता वाटतं, पण त्याने काय होणार? ते चार्ट येणारच आहेत, सेकंड मेट जाणारच आहे, मग मीही जाईन. एक दिवस चुकलं कोण असं विचारायला समोर माणूसच नसेल. माझ्यासारख्यांची तेवढी सोय होईल.

आणि निडी. ते मला लिहावंच लागेल.

गेल्या महिन्यात मी तुला रोह्याला जेवायला बोलावलं. जिताडा मासा आणला होता. तुला घ्यायला पेणला आलो, तर तू गाडीत माझी टर उडवत होतास, जिताडा पेणचा, पाहुणा पेणचा, रोह्याचं काय, पातेलं? तू बारीक झाला होतास, पण तोंड पूर्वीसारखंच चालत होतं. नागोठणं गेलं आणि निडी स्टेशनात गाडी थांबली ती हलेना. पुढून मालगाडी यायची होती. आपण खाली उतरलो, फलाटावर आपणच दोघं, ऊन टळटळीत. तू बाकावर बसलास, आपले दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्यांच्याकडे बघत होतास.

"दत्ता, आता शेवटचं विचारतो, परत नाय विचारणार. मी ती खूण केली होती ना रे?"

कोणी नव्हतं तिथे. कंपनी विकली गेली होती, ती बोट भंगारात गेली होती, माझी कॅप्टनकी करून झाली होती. खरं बोललो असतो तर माझं काय वाकडं होणार होतं? तू मला दोन शिव्या दिल्या असत्यास, फार तर पुन्हा तोंड बघितलं नसतंस. मला तेच नको होतं. मी सिग्नलकडे बघत म्हणालो, "आठवत नाय रे सदा. लय वर्षं झाली."

मराठीत.

तू मान हलवलीस. "व्हय," म्हणालास, "म्हंजे नसंलच केली." मग मालगाडी गेली, आपली गाडी सुटली, आणि तू माझ्या घरी येऊन पोटभर जेवलास. जिताड्याला नावं ठेवलीस आणि दोन तुकडे जास्त घेतलेस. मला सुटल्यासारखं वाटत होतं. आता हा विचारणार नाही. तीन आठवड्यांनी तू गेलास, आणि जाताना आपली चूक झाली असं धरून गेलास. ती समजूत मी तुला दिली, निडीच्या फलाटावर, फुकट.

मी शोधून बघितलं, आता कुणाला कळवता येईल का. ज्या ऑफिसात तुझं लायसन्स अडकवलं होतं तिथे मी फोन केला. फार जुनं प्रकरण आहे, संबंधित व्यक्ती हयात आहे का, असं त्या मुलीने विचारलं. नाही म्हटल्यावर ती म्हणाली, मग कशाला? तिचं काही चुकलं नाही.

तेराव्याला सगळे पांगल्यावर मी कारखान्यात जाऊन त्या चार्टसमोर उभा होतो. वैशाली वहिनी आत आली. तुझे ब्रश एका डब्यात घालून ठेवलेत, लागतील का कोणाला, असं काहीतरी बोलली. मग म्हणाली की तू शेवटच्या आठवड्यात गप्पच होतास, विचारायचं बंद केलं होतंस, आणि तिला त्याचीच भीती वाटली होती. मग तिने मला सरळ विचारलं. "भावजी, तुम्ही होतात ना तिथं? त्यांनी ती खूण केली होती का?"

"व्हय वहिनी," मी म्हणालो. "केली होती. मला दाखवून केली होती. मी पुसली."

मला वाटलं ती ओरडेल, हाकलून देईल. मी तयार होतो, मला ते हवंच होतं. तिने पदराने हात पुसले. डबा फळीवर ठेवला, नीट कडेपासून आत सरकवला.

"त्यांनी केली असणार, ह्ये मला पहिल्यापासून ठाऊक होतं," ती म्हणाली. "त्यांना नव्हतं."

आणि ती ताटं उचलायला गेली.